संगणकाच्या स्मृतीची झाडलोट

संगणकाला जे काही करावयाचे असते ते तो आपल्या स्मृतीत मांडून करतो. पत्राचा मसुदा असो, बँकेतील खात्याचा उतारा असो किंवा आगगाडीच्या आरक्षणाची यादी असो, कामाला लागणारी माहिती प्रथम स्मृतीतील मोकळ्या जागेत ठेवली जाते आणि काम संपले की ती जागा पुन्हा मोकळी व्हावी लागते. ही स्मृती, जिला व्यवहारात सरसकट मेमरी म्हणतात, कितीही मोठी असली तरी तिला शेवट असतो. जागा मागून घेण्याचा प्रश्न फारसा अवघड कधीच नव्हता. घेतलेली जागा परत केव्हा करावयाची, आणि ती परत करण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाने मात्र साठांहून अधिक वर्षे भल्याभल्यांची परीक्षा पाहिली आहे.

एखाद्या तीर्थक्षेत्रातील धर्मशाळा डोळ्यांपुढे आणली असता हा प्रश्न चटकन ध्यानात येतो. व्यवस्थापकाच्या हातून तेथे दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. प्रवासी गाव सोडून गेला तरी त्याच्या खोलीला कुलूप तसेच राहिले, ही पहिली. अशा खोल्या वाढत गेल्या की नव्या प्रवाशाला ओसरीवरही जागा मिळत नाही. दुसरी चूक याच्या उलट आहे. प्रवासी नदीवर स्नानाला गेला असता खोली रिकामी समजून ती दुसऱ्याला दिली जाते, आणि परतलेला प्रवासी आपलेच सामान समजून परक्याच्या सामानात हात घालतो. पहिल्या चुकीने संगणक हळूहळू मंदावतो व अखेरीस थांबतो. दुसरी चूक अधिक घातक, कारण ती तत्काळ दिसत नाही आणि परक्या यंत्रात शिरू पाहणारे लोक नेमक्या तिच्याच शोधात असतात. गूगलच्या क्रोमियम प्रकल्पाने २०२० साली असे जाहीर केले की, त्या न्याहाळकात आढळलेल्या सुरक्षेच्या गंभीर दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या गैरव्यवहारातून उद्भवलेले होते, आणि त्यांतले निम्मे तर परत करून टाकलेली जागा पुन्हा वापरल्यामुळे झालेले होते. ही झाडलोट यंत्राकडे सोपविण्याचा प्रयत्न झाला तो केवळ प्रोग्रॅमरचे कष्ट वाचावेत म्हणून नव्हे, हे यावरून दिसेल.

या प्रश्नाचे पहिले स्वयंचलित उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत निघाले. जॉन मॅकार्थी हे गणिती तेथे १९५८ साली लिस्प नावाची भाषा घडवू लागले होते. अंकांची आकडेमोड करणारी यंत्रे तोवर पुष्कळ झाली होती. मॅकार्थी यांना यंत्राकडून चिन्हांवर काम करवून घ्यावयाचे होते, आणि त्यासाठी चिन्हांच्या याद्या सतत कराव्या लागत, मोडाव्या लागत, एकमेकींत गुंतवाव्या लागत. एकाच यादीचा शेवटचा भाग दोन-तीन याद्यांच्या वाट्याला येई. अशा वेळी एक यादी निरुपयोगी झाली म्हणून तिची जागा पुसावी, तर दुसऱ्या यादीचे शेपूट त्याबरोबर नाहीसे होण्याची भीती.

मॅकार्थी यांच्यापुढे तीन वाटा होत्या. प्रत्येक यादी केव्हा पुसावयाची हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच सांगावे, ही पहिली. परंतु गणिती सूत्रांसारख्या स्वच्छ लिखाणात अशा पुसापुशीच्या आज्ञा मध्येमध्ये पेरणे त्यांना कुरूप वाटले. प्रत्येक दुव्याजवळ त्याचे किती धनी आहेत याची मोजणी ठेवावी, ही दुसरी. येथे आड आले ते यंत्र. आयबीएम ७०४ या गणकयंत्रातील स्मृतीचा प्रत्येक शब्द ३६ बिटांचा असे. यादीच्या प्रत्येक दुव्यात १५ बिटांचे दोन पत्ते ठेवावे लागत. उरत ते अवघे ६ बिट, आणि तेही सलग नव्हेत, तर शब्दात दोन ठिकाणी विखुरलेले. मोजणी ठेवण्यास जागाच नव्हती. सहा बिटांच्या टंचाईने एका शास्त्रशाखेला कायमचे वळण लावावे, हे नवलच म्हटले पाहिजे.

राहिली तिसरी वाट. प्रोग्रॅमने खुशाल जागा घेत जावे, परत करण्याची चिंता करू नये. मोकळी जागा संपली की काम क्षणभर थांबवावे आणि प्रोग्रॅमच्या हाताशी जे पत्ते आहेत तेथून निघून, पत्त्यावरून पत्त्याकडे जात, जेथे जेथे पोहोचता येईल तेथे खूण करीत सुटावे. धर्मशाळेच्या भाषेत सांगावयाचे तर दारात उभ्या असलेल्या माणसांकडच्या किल्ल्या घेऊन खोल्या उघडाव्यात, त्या खोल्यांत सापडलेल्या किल्ल्यांनी पुढच्या खोल्या उघडाव्यात, आणि उघडलेल्या प्रत्येक दारावर खडूने फुली मारावी. ज्या दारावर फुली नाही तेथे कोणीही कधी पोहोचू शकणार नाही; ती खोली निर्धास्तपणे रिकामी करावी. १९६० सालच्या एप्रिलमध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात मॅकार्थी यांचा जो प्रसिद्ध निबंध छापून आला त्यात ही रीत थोडक्यात दिली आहे. सुरुवातीस सुमारे १५,००० शब्दांची जागा मोकळी असे, आणि एका झाडलोटीला काही सेकंद लागत. म्हणूनच निबंधात असा इशाराही आहे की, प्रत्येक वेळी काही हजार शब्द तरी हाती लागले पाहिजेत. अन्यथा यंत्राचा बहुतेक वेळ झाडण्यातच जाईल. संस्थेतील मंडळी या रीतीला आपसात ‘गार्बेज कलेक्शन’, म्हणजे कचरा गोळा करणे, असे म्हणत. निबंधात मात्र हा शब्द नाही. तो छापण्याचा आपल्याला धीर झाला नाही, किंवा संस्थेतील भाषा तपासणाऱ्या स्त्रियांनी तो जाऊ दिला नसावा, अशी गमतीची टीप मॅकार्थी यांनी पुढे त्याला जोडली.

या रीतीचा पहिला जाहीर प्रवेश मोठा फजितीचा झाला. उद्योगपतींसमोर लिस्पचे प्रात्यक्षिक ठरले होते. यंत्र व टंकलेखक दुसरीकडे, आणि प्रेक्षक चित्रवाणीच्या पडद्यावर टंकलेखकाकडे डोळे लावून बसलेले. गणित चालू असता तो टंकलेखक एकाएकी, सेकंदाला दहा अक्षरे या संथ गतीने, लिहू लागला की, कचरा गोळा करणाऱ्यास पाचारण करण्यात आले असून काही मनोरंजक आकडे पुढीलप्रमाणे आहेत. मग ते आकडे संपेचनात. झाले होते असे की, आदल्या तालमीत वापरलेली जागा पुन्हा मूळपदावर आणली नव्हती, त्यामुळे ऐन कार्यक्रमात स्मृती भरली. आणि आपल्या नव्या झाडूवाल्याचे कौतुक असल्याने मंडळींनी त्याच्याकडून पानभर अहवाल छापून घेण्याची व्यवस्था करून ठेवली होती. कचरा गोळा करणारा म्हणून कोणी असतो हे प्रेक्षकांना आधी कोणीच सांगितले नव्हते. वेळ तर संपत आलेला, आणि वक्ता व श्रोते हसून बेजार. मॅकार्थी यांनी ही हकीकत पुढे लिस्पच्या इतिहासात स्वतःच लिहून ठेविली आहे. हसण्यावारी गेलेल्या या प्रसंगात एक खरी अडचण उघडी पडली होती. झाडलोट आपली वेळ आपण निवडते. ती ऐन पंगतीतही सुरू होऊ शकते.

मॅकार्थी यांना जी वाट जागेअभावी सोडावी लागली ती त्याच वर्षी दुसऱ्याने धरली. डिसेंबर १९६० मध्ये, त्याच नियतकालिकात, जॉर्ज कॉलिन्स यांनी संदर्भगणनेची पद्धत मांडली. प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी लावावी आणि त्या खोलीच्या किती किल्ल्या बाहेर आहेत तो आकडा तिच्यावर लिहावा. किल्ली दिली की एक वाढवावा, परत आली की एक उणा करावा. आकडा शून्यावर येताच खोली त्याच क्षणी रिकामी. सगळे काम थांबवून धर्मशाळाभर फिरण्याची गरज नाही. झाडलोट थोडी थोडी, ज्याच्या त्याच्या वेळी होत राहते. पाटी सतत पुसून लिहिण्याचा खर्च आहे खरा, परंतु तो ठाऊक असलेला खर्च आहे.

तथापि या पद्धतीत एक उणीव होती, आणि ती १९६३ साली हॅरोल्ड मॅकबेथ यांनी एका छोट्या पत्राने दाखवून दिली. पहिल्या खोलीची किल्ली दुसऱ्या खोलीत राहिली आहे आणि दुसरीची पहिलीत, असे समजू. दोन्ही खोल्यांचे प्रवासी केव्हाच निघून गेले. बाहेरच्या कोणापाशीही किल्ली नाही. तरी दोन्ही दारांवरच्या पाट्या सांगतात की, एक किल्ली बाहेर आहे. आकडा शून्यावर कधी येणार नाही आणि त्या खोल्या कधी उघडणार नाहीत. मॅकार्थी यांचा खडूवाला अशा जोडीला सहज ओळखतो, कारण दारापासून चालत निघाल्यास तो तेथे पोहोचतच नाही. पाटी लिहिणाऱ्याला मात्र ती ओळखता येत नाही. संदर्भांचे हे चक्र पुढच्या सर्व इतिहासात पुनःपुन्हा आडवे येते.

इतके होईपर्यंत प्रश्न याद्यांचा होता. त्याचे रूप बदलले ते नॉर्वेत. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणक केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६७ साली सिम्युला ६७ ही भाषा सिद्ध केली. रांगेतील ग्राहक किंवा कारखान्यातील काम अशा प्रत्यक्ष व्यवहारांची नक्कल यंत्रात उभी करावी हा मूळ हेतू. त्यासाठी त्यांनी प्रत्येक पदार्थासाठी स्मृतीत एक ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे वस्तू, कल्पिली. तिचे गुणधर्म आणि तिचे वर्तन तिच्याजवळच ठेवले. या एका कल्पनेने प्रोग्रॅम रचण्याची रीतच पालटली, आणि २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक या दोघांना मिळाले ते तिच्यासाठीच.

वस्तू आली तशी झाडलोटीला नवी गुंतागुंत आली. शाळेची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘विद्यार्थी’ नावाची वस्तू आहे असे धरू. तिचे गुणधर्म म्हणजे नाव, गुणपत्रिका, छायाचित्र. हे गुणधर्म विद्यार्थ्याच्या पोटात असतातच असे नव्हे. बहुधा त्या स्वतंत्र वस्तू असून विद्यार्थ्यापाशी त्यांचा केवळ पत्ता असतो. आता विद्यार्थ्याची वस्तू नाहीशी झाली तर गुणपत्रिकेचे काय करावयाचे? ती केवळ त्याचीच असेल तर तीही गेली पाहिजे, आणि तिच्या पोटातील विषयवार गुणांच्या नोंदीही. परंतु तीच गुणपत्रिका मुख्याध्यापकांच्या निकालपत्रकातही गुंतली असेल तर तिला हात लावता कामा नये. एका वस्तूच्या मरणाबरोबर तिच्या गुणधर्मांचे काय व्हावे, हा प्रश्न मालकीचा आहे, आणि मालकी पत्ता पाहून कळत नाही.

सिम्युलात झाडलोट मॅकार्थी यांच्या धर्तीची, आपोआप होणारी होती. तिचा कडू अनुभव केंब्रिज विद्यापीठात डॉक्टरेटसाठी काम करणाऱ्या ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप या डॅनिश तरुणाला आला. त्याने सिम्युलात एक मोठा प्रोग्रॅम लिहिला. भाषेची मांडणी त्याला अतिशय आवडली. परंतु प्रोग्रॅम चालवून पाहता असे आढळले की, यंत्राचा ८० टक्क्यांहून अधिक वेळ झाडलोटीतच जातो. त्यातली खरी विटंबना ही की, जागेची देवघेव प्रोग्रॅममध्येच सांभाळलेली असल्याने झाडण्याजोगा कचरा मुळी निर्माणच होत नव्हता. झाडू मारणारा स्वच्छ अंगण पुनःपुन्हा झाडीत होता. स्ट्राउस्ट्रुप यांना तो प्रोग्रॅम दुसऱ्या, पुष्कळ खालच्या पातळीवरच्या भाषेत नव्याने लिहावा लागला.

१९७९ साली ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेले आणि सी भाषेवर सिम्युलाच्या वस्तूंचे कलम करू लागले. १९८३ साली या भाषेचे सी प्लस प्लस असे नामकरण झाले. तेथे त्यांनी झाडूवाला ठेविलाच नाही. त्याऐवजी प्रत्येक प्रकारच्या वस्तूला जन्माच्या वेळी चालणारी एक कृती आणि मरणाच्या वेळी चालणारी एक कृती दिली. या दुसरीला डिस्ट्रक्टर म्हणतात. मराठीत विसर्जक म्हणावयास हरकत नाही. वस्तूचे विसर्जन होताना प्रथम तिची स्वतःची कृती चालते आणि नंतर तिच्या गुणधर्मांचे विसर्जक, ज्या क्रमाने ते जाहीर केले होते त्याच्या उलट क्रमाने, आपोआप चालतात. घर बांधताना पाया आधी व कौले शेवटी, तर मोडताना कौले आधी व पाया शेवटी, असा हा न्याय आहे. कोणती वस्तू कोणत्या घटकेला जाईल हे यात अगदी नेमके ठरलेले असते, म्हणून केवळ स्मृतीच नव्हे तर उघडलेल्या फायली आणि अडकविलेली कुलुपेही या वेळी सोडून देता येतात. परंतु ही सोय गुणधर्म वस्तूच्या पोटात असेल तरच. पोटात केवळ पत्ता असेल तर तो पत्ता पुसला जातो, त्या पत्त्यावरचे बिऱ्हाड तसेच राहते. ते हलविण्याची आज्ञा प्रोग्रॅमरनेच विसर्जकात लिहावी लागे. मालकी सांभाळणारे ‘चतुर पत्ते’ भाषेच्या मानक ग्रंथालयात पक्के बसले ते २०११ साली.

दुसऱ्या छावणीतील लोक स्वस्थ बसले नव्हते. स्मॉलटॉक या भाषेवर आणि लिस्पवर काम करणाऱ्यांच्या ध्यानात आले की, बहुतेक वस्तू जन्मल्यानंतर लगेच निरुपयोगी होतात, आणि ज्या काही काळ टिकतात त्या पुष्कळ काळ टिकतात. हेन्री लीबरमन व कार्ल ह्युइट यांनी १९८३ साली आणि डेव्हिड उंगार यांनी १९८४ साली या निरीक्षणावर उभारलेल्या रीती प्रसिद्ध केल्या. नव्या वस्तू एका लहान अंगणात ठेवाव्यात, तेच वारंवार झाडावे, आणि काही फेऱ्यांत टिकून राहिलेल्यांना आतल्या मोठ्या वाड्यात न्यावे. थांबण्याचा काळ यामुळे फार घटला. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जावा ही भाषा आणली तेव्हा कचरा गोळा करणारा प्रयोगशाळेतून निघून बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांत पोहोचला. जावात मरणाच्या वेळी चालणारी एक कृती होती, पण ती केव्हा चालेल याची, किंबहुना चालेल की नाही याचीही, खात्री नसे. झाडूवाला येईल तेव्हा येईल. आणि स्मृती पुरेशी मोकळी असेल तर तो येणारही नाही. या कृतीवर विसंबून फायली बंद करू पाहणाऱ्यांची निराशा होई. २०१७ साली जावाच्या नवव्या आवृत्तीत तिला त्याज्य ठरविण्यात आले, ते योग्यच झाले.

या दोन्ही परंपरा एकाच भाषेत समोरासमोर आल्या आणि त्यांची तुलना लक्षावधी लोकांच्या खिशातील यंत्रांवर झाली, असे उदाहरण ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेचे आहे. ब्रॅड कॉक्स व टॉम लव्ह यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती घडविली. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने ती उचलली, आणि १९९४ सालच्या ओपनस्टेप या रचनेबरोबर तिच्यात कॉलिन्स यांची पाटी आली. वस्तू हवी असेल तर ‘रिटेन’ म्हणावे, नको झाली की ‘रिलीज’ म्हणावे. आकडा शून्य झाला की वस्तूची ‘डिअॅलॉक’ नावाची अखेरची कृती चाले. फरक एवढाच की, पाटीवर आकडा वाढविण्या-घटविण्याचे काम यंत्राचे नव्हते, प्रोग्रॅमरचे होते. या अखेरच्या कृतीत त्याने वस्तूच्या एकेका गुणधर्माचे नाव घेऊन त्याला मोकळे करावयाचे आणि शेवटी पूर्वज वर्गाची अखेरची कृती बोलवावयाची. वीस गुणधर्म असले तर वीस ओळी. एकविसावा गुणधर्म नंतर कोणी जोडला आणि ओळ लिहावयास विसरला, की प्रत्येक वस्तूमागे तेवढी स्मृती कायमची अडकली. एकाला दोनदा मोकळे केले, की प्रोग्रॅम कोसळला. हे काम बुद्धीचे नव्हते. ते चित्रगुप्ताच्या वहीचे होते, आणि माणसाने चित्रगुप्त होऊ नये.

ॲपल कंपनीने नेक्स्ट विकत घेतल्यावर ही भाषा मॅकिन्टॉशवर आली. ऑक्टोबर २००७ मध्ये ॲपलने तिला कचरा गोळा करणारा दिला. पण त्याच वर्षी निघालेल्या आयफोनवर तो कधीच आला नाही. त्या पहिल्या आयफोनची स्मृती १२८ मेगाबाइटची होती. मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्गर यांनी २००५ साली जावाच्या प्रोग्रॅमवर केलेल्या अभ्यासात असे दिसून आले होते की, कचरा गोळा करणारी रीत हाताने केलेल्या व्यवस्थेच्या बरोबरीने धावते, पण त्यासाठी तिला सुमारे पाचपट स्मृती लागते. दुप्पटच दिली तर ती सरासरी ७० टक्के मंदावते. झाडूवाला कार्यक्षम होतो तो अंगण मोठे असेल तर. खिशातील यंत्रात अंगण लहान, आणि बोटाखाली सरकणारे चित्र क्षणभर अडखळले तरी ते डोळ्यांना खुपते.

जून २०११ मध्ये ॲपलने जे उत्तर जाहीर केले त्याचे नाव स्वयंचलित संदर्भगणना. त्यात झाडूवाला नाही. पाटी तीच, १९६० सालची. ती लिहिण्याचे काम मात्र कंपायलरकडे, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाकडे, गेले. प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वीच कंपायलर तो वाचतो आणि कोणती वस्तू कोठे धरली गेली व कोठे सुटली हे पाहून आकडा वाढविण्या-घटविण्याच्या आज्ञा स्वतः घालतो. वस्तू मरताना तिच्या सर्व गुणधर्मांना मोकळे करणारी कृतीही तोच रचतो. वीस ओळी गेल्या आणि एकविसावीची विस्मृतीही गेली. यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. गुणधर्म मोकळे करण्याची ही गुप्त कृती मुळात निराळ्या कारणासाठी केलेली होती. सी प्लस प्लसच्या वस्तू ऑब्जेक्टिव्ह-सीच्या वस्तूंत गुणधर्म म्हणून ठेवता याव्यात आणि त्यांचे विसर्जक वेळेवर चालावेत, यासाठी ती आली होती. नव्या योजनेने तीच कामाला लावली. स्ट्राउस्ट्रुप यांचे विसर्जक आणि कॉलिन्स यांची पाटी अशा रीतीने एका छपराखाली आली. ॲपलने २०१२ साली कचरा गोळा करणाऱ्याला त्याज्य ठरविले, आणि मे २०१५ पासून त्याच्यावर विसंबणारे नवे प्रोग्रॅम आपल्या मॅकच्या दुकानात घेणे बंद केले.

मॅकबेथ यांनी १९६३ साली दाखविलेली उणीव मात्र या नव्या व्यवस्थेतही तशीच आली. शाळेच्या उदाहरणात ‘वर्ग’ या वस्तूजवळ विद्यार्थ्यांची यादी आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा एक गुणधर्म म्हणजे तो ज्या वर्गात आहे तो वर्ग. वर्गाने विद्यार्थ्याला धरले आणि विद्यार्थ्याने वर्गाला. बाहेरून दोघांचीही गरज संपली तरी पाट्यांवर आकडे उभेच. यावर उपाय असा की, प्रत्येक गुणधर्म जाहीर करतानाच तो ‘सबळ’ आहे की ‘दुर्बळ’ ते लिहावे. सबळ गुणधर्म मालकी सांगतो व आकडा वाढवितो. दुर्बळ गुणधर्म केवळ पत्ता ठेवतो, आकड्याला हात लावत नाही, आणि समोरची वस्तू गेली की तो आपोआप रिता होतो. त्यामुळे गेलेल्या प्रवाशाच्या खोलीत हात घालण्याचा प्रसंग येत नाही. वर्ग विद्यार्थ्यांना सबळपणे धरतो, विद्यार्थी वर्गाला दुर्बळपणे. हे कंपायलरला उमगत नाही. वर्गाशिवाय विद्यार्थ्याची नोंद निरर्थक, की विद्यार्थ्याशिवाय वर्ग निरर्थक, हे ज्याला शाळा ठाऊक आहे तोच सांगू शकतो.

अन्य भाषांनी आपापल्या मगदुराप्रमाणे मार्ग काढले. १९९१ साली बाहेर पडलेली पायथन ही भाषा पाटीवर चालते. परंतु ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत चक्रे शोधण्यासाठी एक खडूवालाही नेमला गेला, आणि दोघे तेथे गुण्यागोविंदाने नांदतात. ग्रेडन होअर यांनी आरंभिलेली व मोझिला कंपनीत वाढलेली रस्ट ही भाषा मे २०१५ मध्ये पहिल्या स्थिर आवृत्तीस पोहोचली. तिने मालकीचा नियमच भाषेच्या व्याकरणात घातला. प्रत्येक वस्तूचा एका वेळी एकच धनी. धनी गेला की वस्तू गेली, तिचे गुणधर्म गेले. आणि गेलेल्या वस्तूचा पत्ता कोणी वापरू पाहिला तर कंपायलर प्रोग्रॅम तयार होऊच देत नाही. शिकणाऱ्याला ही शिस्त प्रथम जाचते. ज्यांना मात्र सुरक्षेच्या दोषांचे आकडे ठाऊक आहेत त्यांनी ती स्वीकारली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या सायबर कार्यालयानेही एका अहवालात, स्मृतीचे असे रक्षण करणाऱ्या भाषा वापराव्यात, असे आवाहन केले.

ॲपलने २०१४ साली आणलेली स्विफ्ट ही भाषा स्वयंचलित संदर्भगणनेवरच उभी आहे, आणि तिच्यात चक्रे आजही होतात. विशेषतः एखाद्या वस्तूने पुढे करावयाच्या कामाची आज्ञा जपून ठेवली आणि त्या आज्ञेने उलट त्या वस्तूलाच धरून ठेवले, म्हणजे. अशी चक्रे शोधावीत म्हणून २०१६ साली एक्सकोड या साधनाच्या आठव्या आवृत्तीत एक सोय जोडली गेली. चालता प्रोग्रॅम थांबवून ती स्मृतीतील वस्तूंचा नकाशा काढते, कोणी कोणाला धरले आहे ते बाणांनी दाखविते आणि अडकलेल्या वस्तूंवर खूण करते. त्या बाणांपैकी कोणता दुर्बळ करावयाचा, हे नकाशात लिहिलेले नसते.